एक मिनिट दहा सेकंद

ता. ४ ऑक्टोबर

ताई,

पार्सल पोचलं. खोक्यावर तू सहा ठिकाणी ‘नाजूक’ असं लिहिलं होतंस. पोस्टमनने ते दुकानाच्या पायरीवर असं आपटलं की शेजारचा चष्मेवाला बघायला बाहेर आला. पण आतलं सगळं शाबूत आहे. सीडी प्लेअर आहे, वायरी आहेत, आणि आपल्या निळ्या कव्हरच्या दोन्ही रेकॉर्डी जिच्यात मावल्यात ती बशीपेक्षाही लहान सीडी आहे. भावाची साठी लक्षात ठेवलीस, बरं वाटलं. आभार मानून झाले, आता भांडतो.

आपल्या गायकाला यांनी काय केलंय? तापातून उठलेल्या माणसाला धरून गायला बसवलंय की काय असं वाटतं. आवाज खाली गेलाय, चाल रेंगाळते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, ज्यावर आई कांदा चिरता चिरता ताल धरायची, ते तर संपता संपत नाही. रेकॉर्डवर हाच माणूस कसा ताठ उभा राहून गातो. मी दोन्ही लागोपाठ लावून पाहिलं. सीडीतला निम्मा मेलेला आहे.

दुसरी तक्रार. दोन गाण्यांच्या मधे त्या यंत्रातून काहीच ऐकू येत नाही. पहिल्या वेळी मी वीज गेली म्हणून उठून दिवा लावून पाहिला. आणि सीडी संपली की संपली, यंत्र गप्प. रेकॉर्डचं तसं नसतं. बाजू संपली तरी सुई शेवटच्या खाचेत खर्र-टक, खर्र-टक करत राहते. मी ती लगेच उचलत नाही. दुकान बंद करून आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत ती तशीच असते. पलीकडच्या खोलीत कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटत राहतं.

सुई झिजते, मला माहीत आहे. तू ते लिहिणारच आहेस, म्हणून आधीच लिहून टाकलं.

तुझा
काट्या

ता. १३ ऑक्टोबर

काट्या,

भेट मिळाली की माणसं चार दिवस तरी खोटं कौतुक करतात. तुला तेवढाही दम निघाला नाही. लहानपणी खिशात घड्याळाचा काटा घेऊन फिरायचास आणि जो जवळ येईल त्याला टोचायचास. साठ वर्षांत फरक एवढाच की आता पोस्टाने टोचतोस.

आता माझं ऐक. सीडीला धूळ पुसावी लागत नाही. वाकून सुई ठेवावी लागत नाही. नको ते गाणं एका बटणावर मागे टाकता येतं. आणि ज्या खरखरीला तू मायेची ऊब वगैरे समजतोस ना, तो तुझ्या रेकॉर्डचा भुसा आहे. दर वेळी थोडा थोडा पडतोय. शिवाय दर वीस मिनिटांनी बाजू उलटायला त्या गुडघ्यांना उठवतोस ते वेगळंच. मी गेल्या रविवारी दुपारी खुर्चीत बसले ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, एक तास अकरा मिनिटं, उठले म्हणून नाही. असं सुख तुझ्या रेकॉर्डने कधी दिलंय का?

गायक थकलेला नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून मी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिलेत. थकलेला आवाज कसा असतो ते मला कुणी शिकवायला नको. उलट मला शंका येते ती तुझ्या यंत्राची. रेकॉर्डच्या लेबलवर प्रत्येक बाजूची वेळ छापलेली असते. एकदा घड्याळ लावून बघ. घड्याळांची तुझ्याकडे वानवा नसावी.

इकडे सगळं नेहमीसारखं. चिरंजीव कामात, सूनबाई तिच्या कामात, दोघी नातींचा दंगा. घर डोक्यावर घेतात नुसतं.

त्या खर्र-टकबद्दल लिहिलंस ते वाचून मला बरं वाटलं नाही. स्वयंपाक करताना रेडिओ लावत जा. निदान बोलतो तरी.

ताई

ता. २१ ऑक्टोबर

ताई,

हसून घे. मी वाट बघतो.

तीन घड्याळं लावली. एकावर माझा विश्वास आहे, दुसरं त्याच्यावर लक्ष ठेवायला, आणि तिसरं गिऱ्हाइकाचं, ज्याला आपल्या दोघांशी काही घेणंदेणं नाही. लेबलवर छापलंय एकवीस मिनिटं. आपल्या यंत्रावर बाजू संपली एकोणीस मिनिटं पन्नास सेकंदांत. पुन्हा लावली, पुन्हा तेच. म्हणजे एका बाजूला एक मिनिट दहा सेकंद आपलं यंत्र खाऊन बसलंय, आणि तेही चाळीस वर्षं. लोकांचं घड्याळ दिवसाला पाच सेकंद पुढे गेलं तर मी त्यांना तोंड वर करून ऐकवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात होता.

झाकण उघडलं. मोटरच्या टोकाला पितळेची लहानशी कप्पी असते, तिच्यावरून रबरी पट्टा तबकडीला फिरवतो. त्या कप्पीवर दवाखान्यातली पातळ चिकटपट्टी गुंडाळलेली निघाली. बरोबर तीन वेढे. कप्पी तेवढी जाड झाली, म्हणून तबकडी तेवढी जोरात पळायची. रबरी पट्टा मी आजवर दोनदा बदललाय, दोन्ही वेळा ते तपकिरी वेढे डोळ्यांसमोर होते. पट्टा घसरू नये म्हणून कंपनीनेच लावले असतील असं मी धरून चाललो. दुसऱ्याच्या घड्याळात असलं काही दिसलं असतं तर मी भिंग लावून बसलो असतो.

बाबांचंच काम ते. आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे कशालाही एकच औषध. छत्रीला चिकटपट्टी, चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी. यंत्र कधी घसरलं असेल तर दिली गुंडाळून. मग भिंतीकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून ऐकत बसायचे. जन्मभर चुकीचं ऐकलं आणि आपल्यालाही ऐकायला लावलं. त्या पाठीचा मला अजून राग येतो. आई बिचारी आतून रेकॉर्डबरोबर गायची, आणि या माणसाने कधी मान वळवून ‘बरं गातेस’ एवढंही म्हटलं नाही.

स्पिरिटच्या बोळ्याने कप्पी लखलखीत करून टाकली. आता बाजू एकवीस मिनिटांची झाली, आणि तू जिंकलीस. रेकॉर्ड अगदी तुझ्या सीडीसारखी वाजते. हिशोबाने ती आता बरोबर आहे. मला मात्र घरातलं कुणीतरी बदलून दिल्यासारखं वाटतंय.

एक विचारायचं राहिलं. भरल्या घरात, रविवारी दुपारी, एक तास अकरा मिनिटं तुला कुणी हाक मारली नाही? दोन नातींपैकी एकीलाही भूक लागली नाही?

काट्या

ता. ३० ऑक्टोबर

काट्या,

त्या पट्टीचे तुकडे कचऱ्यात टाकले असशील तर आधी शोध. मग पुढचं वाच.

यंत्र घरात आलं तेव्हा तू घड्याळाचं काम शिकायला बाहेर होतास. म्हणून तुला हे माहीत नाही. आणि मला माहीत होतं, पण काय माहीत आहे ते तुझं पत्र वाचेपर्यंत कळलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात आईने निळी रेकॉर्ड लावली आणि बरोबर गायला लागली. दोन ओळींत थांबली. म्हणाली, “हा गडी फार खालून गातो गं. माझा गळा काही तिथे पोचत नाही.” मग गप्प राहून नुसतं ऐकायची. बाबा तिथेच होते, पाठ करून. 

पुढच्या रविवारी आई बाजारात गेली होती. बाबांनी यंत्राचं झाकण काढलेलं, शेजारी कात्री, दवाखान्यातली चिकटपट्टीची गुंडाळी. मला वाटलं, नवं यंत्र इतक्यात बिघडलं. त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, “आईसारखं जरा गुणगुण बघू.” मला हसू आलं, पण बाबा थट्टा करणारे नव्हते, म्हणून गुणगुणले. आईचा आणि माझा आवाज तेव्हा सारखाच होता, शेजारणी फसायच्या. त्यांनी सुई ठेवली, ऐकलं, थांबवलं, काहीतरी केलं, पुन्हा सुई ठेवली. चार वेळा मला गायला लावलं. मग म्हणाले, “जा आता.”

संध्याकाळी आई गायली, पूर्ण बाजू गायली. ती इतकी खूश झाली. पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “मी गळा खाली उतरवला बरं का. सवयीने काहीही जमतं.” आणि बाबा ते ऐकून भिंतीकडे बघत बसायचे.

आईला कळलं नाही, काट्या. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली, “सगळं ठीक झालं गं, पण या माणसाने माझं गाणं कधी ऐकलं नाही.” तेव्हा मीही मान डोलावली. तुझ्यासारखाच मलाही त्यांचा राग होता. ती गेल्यावर बाबा आणखी सात वर्षं त्याच यंत्रावर त्याच रेकॉर्डी लावत होते. वेढे त्यांनी काढले नाहीत.

मला इथे बसून पुढचं लिहवत नाही. ते तुकडे शोध.

ताई

ता. ८ नोव्हेंबर

ताई,

तुकडे गेले. तुझं पत्र येण्याच्या चार दिवस आधी कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. तरी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावर उलटा करून पाहिला. चष्मेवाला विचारत होता काय हरवलं. मी म्हटलं, स्क्रू.

पण मी घड्याळजी आहे. एकोणीस मिनिटं पन्नास सेकंद हा आकडा माझ्याकडे लिहिलेला होता. औषधाच्या दुकानातून पट्टी आणली. हल्लीची जाड निघते, तिचे दोनच वेढे बसले आणि बाजू हव्या त्यापेक्षाही बावीस सेकंद लवकर संपली. मग दुसरी आणली, पातळ, कागदी. एक वेढा, दोन वेढे, अडीच. प्रत्येक वेळी पूर्ण बाजू ऐकायची आणि घड्याळ बघायचं. तीन संध्याकाळी गेल्या. काल एकोणीस पन्नासला सुई शेवटच्या खाचेत गेली. म्हणजे यंत्र पुन्हा आईच्या गळ्याचं झालं. मी खुर्ची ओढून बसलो आणि आतून आवाज यायची वाट बघत राहिलो. साठ वर्षांच्या माणसाने असं करू नये.

बाबांच्या पाठीवर चाळीस वर्षं रागावलो. आता तो राग कुठे ठेवायचा ते समजत नाही.

तुला एक सांगितलेलं नाही. माझा डावा कान गेल्या वर्षापासून गेलाय. घड्याळाची टिकटिक ऐकायला मी ते कानामागच्या हाडाला टेकवतो. गिऱ्हाइकांना वाटतं, मोठा जाणकार आहे. त्यामुळे सीडी चांगली की रेकॉर्ड यावर माझं मत किती ग्राह्य धरायचं ते तू ठरव. आकडा जमला, पण सूर जमला का ते मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ते सांगू शकणारं माणूस आता एकच उरलंय. सवड असेल तर चार दिवस येऊन तपासून जा. घरच्यांची गैरसोय होत असेल तर राहू दे.

आणि एक तास अकरा मिनिटांबद्दल तू उत्तर दिलं नाहीस.

काट्या

ता. ६ डिसेंबर

काट्या,

सुखरूप पोचले. स्वेटर तिथेच राहिला, तो पाठवू नकोस.

आता नीट बसून वाच. पहिल्या संध्याकाळी तू रेकॉर्ड लावलीस, मी आईच्या जागी उभी राहून गायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला माझा गळा चिरकला. मी प्रवासातल्या धुळीवर ढकललं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. खरं म्हणजे म्हातारपणी गळा खाली येतो. त्या रविवारी जो सूर मी बाबांना चार वेळा दिला, तो आता माझ्याकडे नाही. वाईट वाटलं, पण तुला बोलले नाही. 

चौथ्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तू रेकॉर्ड लावलीस, आणि मी पूर्ण बाजू गायले. कुठे अडलं नाही. मला वाटलं, या घराच्या हवेने गळा मोकळा झाला. परत येताना बसमध्ये शेजारच्या बाईलासुद्धा सांगितलं की माझ्या माहेरी गेलं की आवाज सुटतो. तिने मान डोलावली बिचारीने.

घरी आल्यावर सीडी लावली आणि बरोबर गायले. तोच सूर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तुझ्या घरचं यंत्र सीडीपेक्षा वर गातं हे तूच मला लिहिलं होतंस, तीन संध्याकाळी घालवून तसं केलं होतंस. मग चौथ्या दिवशी ते खाली कसं आलं?

मी भाजीला गेले असताना तू वेढे काढलेस. आईसाठी बाबांनी घातले, माझ्यासाठी तू काढलेस, आणि मी गात होते तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास. मी पाहिलं. आईला जन्मभर कळलं नाही. पण आईकडे सीडी नव्हती, माझ्याकडे आहे. आपल्या भांडणाचा निकाल तूच लाव.

आणखीही पुष्कळ पाहिलं. बाबांच्या खोलीला नवा रंग होता. तू म्हणालास, ओल आली होती. कपाटाचा अर्धा भाग रिकामा होता. तू म्हणालास, दुकानाचा माल ठेवायचा होता. खिडकीशी एकाऐवजी दोन खुर्च्या होत्या, त्यावर तर तू काही सांगितलंच नाहीस. चार दिवस मी वाट बघितली. तू मला बसमध्ये बसवून दिलंस आणि म्हणालास, “पोचल्यावर कळव.”

आता माझं. तू दोनदा विचारलंस, समोर आल्यावर विचारलं नाहीस. मला कुणी हाक मारली नाही, कारण घरात कुणी नाही. मुलाची परदेशी बदली झाली त्याला चौदा महिने झाले. नातींचा दंगा मी मनाने लिहीत होते. त्यांच्या खोलीचं दार बंद ठेवते आणि सीडी लावते. ती मधे थांबत नाही, म्हणून ती मला आवडते. थांबली की घर ऐकू येतं. तुला कळवलं नाही, कारण तू कर्तव्य म्हणून ‘ये’ म्हणाला असतास आणि मी ओझं झाले असते.

बाबांनी केलं ते फार मोठं केलं. पण आई त्यांच्या पाठीकडे बघत गेली, हे कसं विसरू? तूही तसाच आहेस. मला आता वेढे नकोत, वाक्य हवं. रंग, कपाट, खुर्ची यांच्यावरून मी काही ओळखणार नाही, मुद्दाम ओळखणार नाही. तुला जे म्हणायचं आहे ते एका ओळीत लिही. म्हणायचं नसेल तर हवापाण्याचं लिही, मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

बॅग अजून उघडलेली नाही.

ताई

ता. २९ डिसेंबर

ताई,

उशीर झाला. सहा कागद फाडले. पहिल्यात थंडीबद्दल होतं, दुसऱ्यात यंत्राच्या पट्ट्याबद्दल, बाकीचे सांगत नाही.

मला एकट्याने राहवत नाही. तू ये आणि इथेच राहा.

काट्या